शिडाची होडी शिकताना, शिकवताना: काय करावं, काय टाळावं

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात शिडाच्या होड्या ओढून ठेवतात आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेची वाट बघतात. दख्खनच्या पठारावर मात्र त्याच दिवसांत शीडवाल्यांचा हंगाम भरात असतो. नैऋत्येचा मोसमी वारा तलावांवर येतो तेव्हा समुद्राच्या लाटा मागेच राहिलेल्या असतात; दिशा बरीचशी ठरलेली, जोर पुरेसा. हैदराबादच्या हुसेनसागरावर शर्यती पावसाळ्यात भरतात त्या म्हणूनच. १५६२ साली कुतुबशाहीत बांधलेल्या या तलावावर लष्कराच्या ईएमई केंद्रातल्या मंडळींनी शिडाच्या शर्यती रुजवल्या. पुढे यॉट क्लब ऑफ हैदराबादने सरकारी शाळांतली आणि वस्त्यांमधली मुलं होडीत बसवली. तिकडे भोपाळच्या बड्या तालाबावर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तयार झाली आणि २०२३ मध्ये हांगझाऊच्या एशियाडमधून आयएलसीए-४ या होडीच्या प्रकारातलं रौप्यपदक घेऊन आली.

तलावाकाठच्या केंद्रात चूक स्वस्त पडते. किनारा दिसत असतो, मदतीची होडी दोन मिनिटांवर असते. चुका अशाच स्वस्त ठेवाव्यात आणि त्या शिकणाऱ्याला मोकळेपणानं करू द्याव्यात, हेच शिकवणाऱ्याचं मुख्य काम, असं माझं ठाम मत आहे. पुढची यादी त्याच मतातून आली आहे.

पाण्यात उतरण्याआधी

करावं: लाइफ जॅकेट जेट्टीवर पाय ठेवण्याआधीच घालावं, आणि ते शिकवणाऱ्यानंही घालावं. खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघावं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं शोधावं. लहान मुलांचा मांड्यांमधला पट्टा बांधलाच पाहिजे. शिट्टी जॅकेटलाच अडकवलेली असावी.

टाळावं: “मला पोहता येतं” हे कारण ऐकून घेणं. बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी दांडी, डोक्यात बसला की पट्टीचा पोहणाराही क्षणभर शुद्ध हरपू शकतो.

करावं: प्रत्येकाला अंगावरच्या कपड्यांनिशी, जॅकेट घालून, पन्नासेक मीटर अंतर न घाबरता कापायला लावावं. कोण घाबरतं, कोण श्वास धरून ठेवतं, हे तिथेच कळतं.

टाळावं: पोहता येत नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवणं. वस्तीतल्या मुलाला पोहण्याचा तलाव कुठून मिळणार? “आधी पोहायला शिकून ये” असं सांगितलं की ते मूल पुन्हा येत नाही. त्याला उथळ पाण्यात जॅकेट घालून पाठीवर तरंगायला शिकवावं, जोडीला पोहण्याचा वर्ग लावून द्यावा, आणि तोवर शिक्षकाबरोबर मोठ्या होडीत बसवावं. ज्या केंद्रात फक्त पोहणारी मुलं दिसतात, तिथे बहुतेक वेळा फक्त सुखवस्तू घरांतली मुलं दिसतात.

टाळावं: जीन्स, ओढणी, लांब कुर्ता, सैल चपला, गळ्यातली साखळी. चष्म्याला मागून दोरी बांधावी. पायात बंद बूट हवेत, कारण शहरी तलावाच्या तळाशी काचा आणि तारा असतात.

करावं: पाण्याचा स्वभाव ओळखून नियम करावेत. हुसेनसागरात वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी आलेलं आहे. तिथे पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, होडीतून आल्यावर लगेच नळाखाली अंघोळ करावी, आणि बुडी मारायचे सराव शक्यतो स्वच्छ जलतरण तलावात उरकावेत. खडकवासल्याचं किंवा भोपाळच्या बड्या तालाबाचं पाणी लोक पितात. तिथे काळजी उलट बाजूनं घ्यायची: इंजिनाचं तेल आणि साबण पाण्यात जाता कामा नये.

करावं: होडी ढकलण्याआधी ऑप्टिमिस्ट या मुलांच्या होडीच्या तिन्ही हवेच्या पिशव्या दाबून बघाव्यात, पाणी उपसायचा डबा दोरीनं बांधलेला आहे ना ते पाहावं, लेझर प्रकारच्या होडीचं मागचं बूच घट्ट बसवावं. हे काम मुलांनीच करावं. शिक्षकानं फक्त बघत उभं राहावं.

वारा आणि आभाळ

करावं: आल्याबरोबर दहा मिनिटं किनाऱ्यावर नुसतं उभं राहावं. वारा कुठल्या गालावर लागतो? पाण्यावरचे काळसर पट्टे कुठून सरकत येतात? ते पट्टे म्हणजे झोत. होडीपर्यंत पोचण्याआधी ते दिसतात, आणि दिसलेला झोत अर्धा आवरलेला असतो. हुसेनसागराकाठी संजीवय्या पार्कात २०१६ साली ८८ मीटर उंच ध्वजस्तंभ उभा राहिला. त्यावरचा तिरंगा फडकत असला तर वाऱ्याची दिशा लांबून कळते. पण तो वारा ८८ मीटरवरचा. शिडाच्या उंचीवरचा वारा इमारती आणि झाडांना अडखळत येतो आणि कधीकधी चक्क वेगळ्या दिशेचा असतो. त्यासाठी शिडावर चिकटवलेला लोकरीचा धागाच खरा.

टाळावं: फोनवरच्या अंदाजाच्या भरवशावर वर्ग ठरवणं. तो अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो. उंच इमारतीमागची वाऱ्याची सावली त्यात दिसत नाही.

करावं: मर्यादा आधीच फळ्यावर लिहाव्यात. नवख्यांसाठी ५ ते १० नॉट वारा छान (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण १२ नॉटच्या पुढे गेलेला असतो. नवख्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावर गाठी शिकाव्यात.

करावं: एप्रिल-मेमधल्या वळवाला आणि परतीच्या पावसाला मान द्यावा. उकाडा, मग वारा एकदम पडलेला, आणि त्यानंतर अंगावर येणारा गार झोत, हा क्रम ओळखीचा झाला पाहिजे. तो गार झोत ढगातून खाली कोसळलेल्या हवेचा असतो आणि मिनिटभरात वाऱ्याचा वेग दुपटीवर नेऊ शकतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्या होड्या आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणीही पाण्यावर जाऊ नये. सपाट पाण्यावर उभी असलेली ॲल्युमिनियमची डोलकाठी आसपासची सगळ्यात उंच वस्तू असते.

टाळावं: “एवढी फेरी होऊ दे.”

सुकाणू कोणाच्या हातात?

ऑप्टिमिस्ट ही छोटी चौकोनी नाकाची होडी १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी बनवली. लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, शीड जेमतेम ३.३ चौरस मीटर. तिची सगळी मापं एका मुलानं एकट्यानं हाकण्याच्या हिशेबानं आहेत. म्हणून,

करावं: पहिल्याच तासाला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, मुलाच्या हाती द्यावं. त्याआधी होडी गवतावर ठेवून, ढकलगाडीवरच, अर्धा तास सराव करावा: बसायचं कुठे, टिलर कुठल्या हातात, शिडाची दोरी कुठल्या हातात, वळताना बूमखालून डोकं कसं काढायचं. टिलर उजवीकडे नेलं की होडी डावीकडे वळते, हे सांगून कळत नाही, हाताला कळावं लागतं.

करावं: आधी थांबायला शिकवावं. दोरी सोडली की शीड फडफडतं आणि होडीचा जोर जातो. हे एकदा अनुभवलं की भीती निम्मी होते. कारण भीती वेगाची नसते, आवरता येणार नाही याची असते. त्यानंतर वारा आडवा घेऊन दोन बोयांमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढायला लावावा. समोरच्या वाऱ्याकडे चढत जाणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

टाळावं: मोटारबोटीतून ओरडणं. मुलाला वाऱ्यात अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं रागावणं वाटतं. जवळ जावं, इंजिन बंद करावं, एकच गोष्ट सांगावी, दूर व्हावं.

टाळावं: “डावीकडे, उजवीकडे.” गोंधळलेल्या मुलाला दिशा सुचत नाहीत, वस्तू सुचतात. हुसेनसागरात असाल तर “तलावातल्या बुद्धाच्या मूर्तीकडे तोंड कर”, “टँक बंडच्या बांधाकडे ये” असं सांगावं. शब्दही थोडे वापरावेत: ओढ, सोड, वळ. टॅक, जाईब, लफ ही सगळी नावं त्या हालचाली जमल्यावर चिकटवावीत.

करावं: हात आवरावा. हा सगळ्यात अवघड नियम आहे. मोठ्या होडीत शिक्षक शेजारी बसतो तेव्हा त्याचा हात आपोआप टिलरकडे जातो. त्यानं आपले तळवे मांडीखाली दाबून बसावं. सायकल शिकवणारा मागची सीट धरून धावतो आणि गुपचूप सोडून देतो, होडीत मात्र सांगून सोडावं, “आता होडी तुझी.” त्यानंतर ती घेऊ नये. कोणी जखमी होण्याची किंवा कोणावर आदळण्याची वेळ आली तरच घ्यावी, आणि घेतानाही “मी घेतोय” असं म्हणावं.

वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या पट्ट्यात कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. प्रत्येक नवखा त्या पट्ट्यात अडकतो: नाक वाऱ्याकडे, शीड फडफडतंय, होडी मागे सरकतेय. शिक्षकाला उत्तर माहीत असतं म्हणून तो ते लगेच देऊन टाकतो. देऊ नये. मूल टिलर इकडे हलवेल, तिकडे हलवेल, बूम ढकलून बघेल, आणि कधीतरी होडीचं नाक एका बाजूला पडेल, शिडात वारा भरेल. ते त्याचं स्वतःचं होतं. मला ठाऊक असलेल्या चांगल्या शिक्षकांचा विशेष हाच, की अशा वेळी ते दुसरीकडे बघत असल्यासारखे बसतात.

टाळावं: पहिल्या दिवशी फळ्यावर बलांचे बाण काढणं. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं हा धडा सुंदर आहे. होडी दहा वेळा हाकलेल्या मुलाला तो दुप्पट सुंदर वाटतो. मोठ्या वयात शिकायला आलेल्या काका-मावशींचं मात्र उलट असतं. त्यांना आधी समजून घ्यायचं असतं, आणि मुलांसमोर चुकायचा संकोच असतो. त्यांची वेगळी तुकडी करावी.

होडी उलटणार

“सर, होडी पडली तर?” हा प्रश्न येतोच.

“पडली तर उभी करायची. चल, आज पाडूच.”

करावं: शिकणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांतच, शिक्षक शेजारी असताना, मुद्दाम होडी उलटवायला लावावं. नवख्याच्या मनात जी भीती घर करून असते ती तिथेच विरघळते.

क्रम साधा आहे. आधी शिडाची दोरी मोकळी करावी. ती अडकलेली राहिली तर होडी उभी होताच पळते किंवा पुन्हा कोसळते. मग पाण्यातून होडीच्या तळाकडे जावं. होडीचं नाक साधारण वाऱ्याकडे यायला हवं. डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून बाहेर आलेल्या फळीवर, हाताचा भार टाकावा, तेवढ्यानं भागलं नाही तर त्यावर चढून, शक्यतो तळाजवळ पाय ठेवून, कड धरून मागे झुकावं. टोकावर उड्या मारल्या तर बोर्ड मोडतो. शीड पाण्यानं जड झालेलं असतं, म्हणून सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं. झुकून धीर धरावा. पाणी ओघळलं की डोलकाठी वर येते.

शीड अंगावर पडलं तर हातानं ते वर ढकलावं. खाली हवेची पोकळी तयार होते. मग शिवणीच्या रेषेला हात लावून एकाच दिशेनं सरकत बाहेर यावं. हे जमिनीवर चादर अंगावर टाकून शिकवता येतं आणि मुलांना तो खेळ फार आवडतो.

टाळावं: होडी सोडून किनाऱ्याकडे पोहणं. किनारा दिसतो त्याहून दूर असतो, आणि पाण्यातलं एकटं डोकं मदतीच्या होडीला दिसत नाही. उलटलेली होडी दिसते. होडीला धरून राहावं.

करावं: मदतीच्या होडीनं आधी डोकी मोजावीत, मग होडी बघावी. चालकाच्या पायाला किंवा मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली हवी. पाण्यात माणूस असेल तर जवळ पोचताच इंजिन पूर्ण बंद; न्यूट्रलवर भरवसा ठेवू नये. सहा छोट्या होड्यांमागे एक मदतीची होडी, याहून विरळ व्यवस्था नवख्यांसाठी मला पटत नाही.

टाळावं: मूल उलटताक्षणी धावत जाऊन त्याला बाहेर काढणं. डोकं दिसतंय, हात हलतोय, मूल प्रयत्न करतंय, तर दहा मीटरवर थांबावं. थकलं, घाबरलं, थंडीनं कुडकुडलं, तर मात्र एक क्षणही दवडू नये.

तलाव सगळ्यांचा

करावं: वाटेचे तीन नियम तोंडपाठ हवेत. दोन शिडाच्या होड्यांमध्ये, जिच्या उजव्या अंगाला वारा लागतो ती आपल्या मार्गानं जाते, दुसरी बाजूला होते. दोघींना एकाच अंगानं वारा असेल तर वाऱ्याकडची होडी बाजूला होते. मागून येऊन ओलांडणाऱ्यानं नेहमी अंतर राखावं.

टाळावं: हक्कावर अडून बसणं. यांत्रिक बोटीनं शिडाला वाट द्यायची असते, पण बुद्धमूर्तीकडे प्रवासी नेणाऱ्या बोटीचा चालक त्या क्षणी कुठे बघतोय हे आपल्याला माहीत नसतं. लवकर आणि ठळकपणे वळावं, म्हणजे त्याला आपला इरादा कळतो.

टाळावं: गणपती विसर्जनानंतर लगेच वर्ग सुरू करणं. हुसेनसागरात विसर्जन प्रचंड होतं. सांगाड्यांची लाकडं, सळ्या, दोर तलावात उरतात. क्रेन आणि सफाईवाल्यांचं काम संपेपर्यंत मुलांना किनाऱ्यावर होडीची दुरुस्ती शिकवावी.

मुली आणि त्यांची घरं

करावं: आतून कडी लागणारी, स्वच्छ, पाणी असलेली कपडे बदलायची खोली आणि शौचालय आधी बांधावं, नवी होडी नंतर घ्यावी. मुली गळतात त्या वाऱ्याला घाबरून नव्हे. ओल्या कपड्यांनी घरी जावं लागतं, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे विचारायला जवळ बाई नसते, आणि घरी कोणीतरी म्हणतं, “उन्हानं काळी पडशील.” यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा उपाय केंद्राच्या हातात आहे. निदान एक शिक्षिका असावीच.

करावं: पालकांना होडीत बसवून आणावं. आईनं एकदा तलावाच्या मध्यावरून आपली वस्ती पाहिली की तिचे प्रश्न बदलतात. नेहाची गोष्ट सांगावी. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला शीडपटू, चेन्नईची नेत्रा कुमानन, हिची सांगावी. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही सांगावी.

टाळावं: पालकांनी जेट्टीवरून सूचना देणं. “सांभाळ, सांभाळ” ऐकून मूल मागे वळून बघतं, नेमकं तेव्हाच बूम फिरतो.

मजा घ्यावी

करावं: आठवड्यातून एक दुपार बिनधड्याची ठेवावी. कोणाबरोबर जायचं, कुठे जायचं, हे मुलांनी ठरवावं. इंजिन नाही, त्यामुळे पाणपक्षी जवळ येऊ देतात. लांबवर बोललेलंही ऐकू येतं. पाण्यावर रेंगाळलेलं मूलच पुढे वाऱ्याचं बारीकसारीक ओळखू लागतं.

करावं: शर्यत लवकर सुरू करावी, पण छोटी. दोन बोये, दहा मिनिटं, आणि प्रत्येक फेरीला जोड्या बदललेल्या. शर्यतीत मूल दुसऱ्याची होडी बघून शिकतं आणि शिक्षकाचं बोलणं वाचतं.

टाळावं: पहिल्याच महिन्यात निवड, क्रमांक, राज्य संघाची स्वप्नं. पदकाच्या वाटेवर थोडीच मुलं जातील. बाकीच्यांना हे आयुष्यभर करता आलं पाहिजे, त्यांच्यासाठी शनिवारी-रविवारी होडी मोकळी हवी. पदकांसाठी राखीव म्हणून कुलुपात ठेवलेल्या होड्या मी पाहिल्या आहेत, आणि कठड्यावरून त्यांच्याकडे बघणारी मुलंही.

होडीची निगा

करावं: गोड्या पाण्यानं धुवावी, शीड सुकवून गुंडाळावं, चुरगळून कोंबू नये. शीड उन्हात तासन् तास फडफडत ठेवलं तर त्याचं कापड लवकर मरतं.

टाळावं: होडी काँक्रीटवरून ओढणं. चौघांनी उचलावी.

करावं: दोरीचा धागा सुटलाय, सुकाणूची पिन सैल आहे, बोर्डला चीर गेली आहे, असं जे दिसेल ते बघणाऱ्या मुलानं लगेच फळ्यावर होडीच्या क्रमांकापुढे लिहावं आणि त्या डोलकाठीला लाल फडकं बांधावं. ते फडकं दुरुस्ती करणाऱ्यानंच सोडायचं. मग आठ वर्षांच्या मुलानं बांधलेलं का असेना, मुख्य प्रशिक्षकानंही ती होडी पाण्यात नेऊ नये.